अंदमानच्या वाटेवर सतरा घरं

एक गोष्ट आधीच साफ सांगून ठेवते. मी भांडखोर नाही. लोक चुकीचं वागतात अन् मी ते त्यांच्या तोंडावर सांगते, एवढंच. आता गावात चुकीचं वागणारेच जास्त असतील, तं त्यात माझा काय दोष?

माझं नाव दुर्गेश्वरी रहांगडाले. तिरोड्याहून बोदलकशाच्या तलावाकडे निघालं की मधात आमचं गाव लागते. घरी धानाची शेती, नवरा श्यामलाल, सासू सुशिलाबाई, दोन म्हशी, अन् नीतू, माझी एकुलती एक पोरगी, जी नागपूरले नोकरी करते. हे सगळं तिनंच सुरू केलं. दिवाळीनंतरच्या गावच्या मंडईले, म्हणजे आमच्या जत्रेले, घरी आली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, मी चाळीस माणसांचं रांधून नुकती टेकली होती, अन् ही येऊन म्हणते, आई, फेब्रुवारीत तू अन् मी अंदमानले चाललो.

मले वाटलं, गंमत करून राहिली. पण तिनं मोबाईलवर सगळं मांडून दाखवलं. हॉटेल नाही, गाडी नाही, सोबत पन्नास माणसांची टोळी नाही. पाठीवर एक बॅग, त्यात मावलं तेच आपलं, अन् ज्याची बॅग त्यानंच उचलायची. या बेटावरून त्या बेटावर बोटीनं जायचं, जागा भेटेल तिथं झोपायचं. अन् मंग डोळ्यांवर काच, तोंडात नळी लावून समुद्रात उतरायचं. खाली पोवळं असते म्हणे. ज्योतिषी अंगठीत घालायले सांगते ते पोवळं नखाएवढं, तिथं त्याच्या भाऊबंदांचे बगीचेच्या बगीचे. त्यातून पिवळे-निळे मासे असे फिरून राहिले होते, जसे बाजाराच्या दिवशी तिरोड्यात लोक फिरतात.

तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. मंग मागच्या अंगणात जाऊन थोडी रडून घेतली.

काऊन, ते सांगते. माझं माहेर सालेकशाकडचं. घराच्या मागंच तलाव. भावांच्या आधी मी पोहायले शिकली. पाण्याखाली डोळे उघडे ठेवून मी या काठावरून त्या काठावर जात होती. लग्न झालं अन्, एखादी चोरटी दुपार सोडली तं, ते संपलं. सुनेनं तलावात जायचं, कंबरेएवढ्या पाण्यात एक बुडी मारायची, पदर सावरत बाहेर निघायचं. पोहणारी सून म्हणजे, माझ्या सासूच्या हिशोबानं, हातची गेलेली सून. मले पोहता येते हे या घरात मी कोणालेच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालेही नाही. तीस वर्षं झाली. पन्नाशी आली, गुडघे कुरकुर करून राहिले. मले एकदा, फक्त एकदा, पाण्यात तोंड घालून डोळे उघडायचे होते. आता नाही गेली तं कधीच नाही, हे मले पक्कं माहीत होतं.

नीतूच्या बाबांनी काही म्हटलं नाही. ते कधीच काही म्हणत नाहीत. प्रश्न सासूचा होता. मी गेली की आठ दिवस चूल तिच्याच गळ्यात पडणार. तिनं नाही म्हटलं असतं, तं घरात कोणी चहाही पिला नसता, कारण आमच्या यांना गॅस पेटवता येते की नाही याचा पत्ता अजून कोणाले लागलेला नाही.

सासू नाही म्हणाली नाही. तिनं त्याहून वाईट केलं. म्हणाली, खुशाल जा, पण रीत करून जा.

आमच्याकडे जुनी रीत आहे. काशी असो, रामेश्वर असो, मोठ्या पाण्याले निघालेल्या माणसानं आधी घरोघरी जायचं. ज्याच्याशी बोलाचाली झाली असेल, त्याच्या दारात उभं राहून म्हणायचं, बोललं-चाललं माफ करा. आधीच्या काळी गेलेलं माणूस वापस येईलच असं नव्हतं, म्हणून ही रीत. नीतूनं फोनवर आजीले खूप समजावलं. ही यात्रा नाही, नुसतं फिरायले जाणं आहे, तिथं देऊळही पाहायचं नाही. आजीनं विचारलं, समुद्र आहे ना? नीतू म्हणाली, आहे. आजी म्हणाली, मंग झालं. कोणाचा राग मागं ठेवून नावेत बसलं की नाव जड होते.

मी म्हटलं, ठीक आहे, असतील चार-पाच घरं. एका दुपारची गोष्ट. तेवढ्यात नीतूचे बाबा आत गेले, जुन्या कॅलेंडरचं पान फाडून आणलं अन् त्याच्या मागं लिहायले बसले. सतरा घरं लिहिली. ज्या गोष्टी मी स्वतः विसरली होती, त्याही त्या कागदावर होत्या. तीस वर्षं हा माणूस तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून गप्प बसला, अन् सगळं ध्यानात ठेवत होता.

पहिलं घर घनश्यामभाऊंचं, म्हणजे किराणा दुकान. मी त्यांना कधीतरी डंडीमार, म्हणजे मापात मारणारे, म्हटलं होतं. दुकानात जाऊन मी हात जोडले. ते म्हणाले, बोलली तेव्हा दुकानात नऊ गिऱ्हाईकं होती, आता तीनच आहेत, थांब जरा. मी थांबली. गिऱ्हाईकं येईपर्यंत बसल्या बसल्या त्यांनी एका बाईले साखर मोजून दिली, अन् माझी नजर काट्यावर गेली. आता दिसलं ते दिसलं. मी बोलली. त्या घरी मले दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं, दोन्ही खेपांची माफी एकत्र मागायले.

असं प्रत्येक घरी झालं. कोणी लगेच माफ करत नव्हतं. आधी चहा, मंग पूर्ण किस्सा पुन्हा पहिल्यापासून, त्यात त्यांची बाजू, मंग माझी, मंग शेजारची बाई येऊन तिसरीच बाजू सांगून जाय. नंदाबाईकडे तं माफ करून झाल्यावर आमचं पुन्हा जुंपलं, कारण भांडण कोणत्या साली झालं होतं यावर आमचं एकमत होईना. अन् भोजराज गुरुजी, रिटायर्ड शिक्षक, यांचं नाव यादीत नव्हतं, तं ते स्वतः घरी आले. म्हणाले, पूर्ण गावात तू जाऊन राहिली, मग माझ्याकडेच काऊन नाही? मी म्हटलं, गुरुजी, आपलं कधी भांडणच झालं नाही. ते उठून गेले. त्यांना ते भल्लं मनाले लागलं. शेवटी त्यांच्याकडेही जाऊन काहीतरी जुनं उकरून माफी मागितली, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

बरं, माफ करून लोक रिकाम्या हातानं पाठवत नव्हते. समुद्राले निघालेल्या माणसाच्या हाती काहीतरी द्यायचं, ही रीतीची दुसरी बाजू. नारळ, धानाच्या लोंब्या, कोणाच्या नातवाचं जावळ, कोणाची नाक तुटलेली मूर्ती. सगळं समुद्रात सोडायचं. आठ दिवसांत माझ्याकडे चौदा नारळ जमले. मी नीतूले फोन केला. ती म्हणाली, आई, सात किलोची बॅग आहे, अन् त्या बेटावर नारळाशिवाय दुसरं झाडच नाही. मी सासूले सांगितलं. सासू म्हणाली, तिथले नारळ तिथल्यांचे, आपले आपले. शेवटी सासूच्या दुपारच्या झोपेत ते नारळ मी अन् आमच्या यांनी मिळून देवळात पोचवले. तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेली ती पहिली चोरी.

मधातच कुरियरनं बॅग आली. निळी, मोठी, पाठीवर बांधायची, छातीवर पट्टा, कंबरेले पट्टा. नीतूनं सांगितलं होतं, वजन घेऊन चालायची सवय कर. मी तिच्यात सात किलो तांदूळ भरला अन् सकाळी धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून फिरायले लागली. तिसऱ्या दिवशी दोन माणसं धावत घरी आली अन् यांना म्हणाली, श्यामलाल, तुझी बायको सामानसुमान घेऊन सालेकशाले, माहेरच्या वाटेले लागली, काय झालं घरी? यांनी म्हटलं, अंदमानले चालली. ती माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. इतकं भांडण झालं, असं त्यांना वाटलं असावं.

कागदावरची सोळा घरं झाली. सतरावं घर आमच्या भिंतीपलीकडचं होतं.

कुंता. माझी मोठी जाऊ. आमचे जेठ, म्हणजे थोरले दीर, चैनलाल, त्यांची बायको. एकाच अंगणाचे दोन भाग, मधात भिंत, अन् अकरा वर्षांचा अबोला. दोघं भाऊ फाट्यावरच्या टपरीवर बसून एकमेकांचा खर्रा खातात, अन् घरी आले की अनोळखी होतात, आम्हाले दिसत नाही असं समजून. भांडण कशावरून? रोवण्यावरून. त्या वर्षी धान रोवायच्या ऐन वेळी शेजारच्या गावच्या बारा बाया कुंताबाईंनी ठरवल्या होत्या, अन् त्या आल्या माझ्या शेतात. आपल्या मनानं आल्या. मी काय त्यांना हाकलून देऊ? हे मी अकरा वर्षं सगळ्या गावाले सांगत आली.

तं कुंताबाईंकडे जायचं नाही, एवढं मी ठरवलं. पण रीत तं करायचीच होती. एका दुपारी ती घरी नाही हे पाहून मी भिंतीपाशी गेली अन् चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, बाई, बोललं-चाललं माफ करा. मागं सासू उभी होती. तिनं विचारलं, कोंबड्यांनी माफ केलं का? मंग मी कुंताबाईंच्या पोराले, लोकेंद्रले, गोंदियाले मोबाईलवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं अन् लिहिलं, आईले दाखवजो. त्याचा अंगठा आला. सासू म्हणाली, अंगठ्यानं होत नाही. मी म्हटलं, वापस आल्यावर मागीन, पक्कं. सासू म्हणाली, वापस आली तं मागशील, नाही आली तं?

निघायले दोन दिवस राहिले होते. नीतूनं सुट्टी घेतली होती, विमानाचं झालं होतं, बोटीचं झालं होतं. सासूनं सरळ सांगून टाकलं की सतरावं घर झाल्याशिवाय ती चुलीले हात लावणार नाही. मी नीतूले फोन लावला अन् म्हटलं, राहू दे बाई, तू मैत्रिणीले घेऊन जा.   ती म्हणाली, आई, एक माफी मागायची तुझ्यानं होत नाही, तं समुद्रात काय उतरशील.

पोट्टी कोणावर गेली, विचारू नका.

मी फोन ठेवला, पाय धुतले अन् भिंतीले वळसा घालून कुंताबाईंच्या दारात गेली. ती सपरीत, पुढच्या पडवीत, बसून लाखोळीची डाळ पाखडत होती. साठी ओलांडली तिची, डोक्याचे केस सगळे पांढरे झाले होते. अकरा वर्षं भिंतीवरून नुसता तिचा आवाज येत होता, केस कधी पांढरे झाले ते मले कळलंच नाही. तिनं वर पाहिलं नाही. बस म्हटलं नाही. मी पायरीवर बसली.

मी म्हटलं, "बाई, बोललं-चाललं माफ करा."

सूप थांबलं नाही. ती म्हणाली, "काय बोललं? काय चाललं? नाव घेऊन सांग."

आता या ठिकाणी मी खोटं बोलू शकत होती. अकरा वर्षांची सवय होती, जिभेवर तयारच होतं. पण खरं सांगायचं तं मी थकून गेली होती. सोळा घरी फिरून फिरून माझी भांडायची हौस फिटली होती. मी सांगितलं. त्या दिवशी उजाडता उजाडता मीच फाट्यावर जाऊन उभी राहिली होती. बाया आल्या तं त्यांना म्हटलं, कुंताबाईंच्या बांधीत अजून चिखल झाला नाही, दोन दिवसांनी या, आज माझ्याकडे चला. ते खोटं होतं. तिच्या बांध्या तयार होत्या, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून ठेवले होते. त्यानंतर पावसानं पंधरा दिवस तोंड दाखवलं नाही. माझा रोवणा झाला होता, तिचे पऱ्हे धुऱ्यावर वाळून गेले. त्या साली आमचे जेठ, पन्नाशीचा माणूस, गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती उचलायले गेले. मी त्यांना रोज सकाळी सायकलवर स्टेशनकडे जाताना पाहत होती, अन् रोज म्हणत होती, बाया आपल्या मनानं आल्या.

सूप थांबलं होतं. ती म्हणाली, "हे मले तेव्हाच माहीत होतं. बायांनीच सांगितलं होतं."

 ती पुन्हा डाळ पाखडायले लागली. मंग म्हणाली, "अजून पोहता येते का तुले?"

 मी विचारलं, कोणी सांगितलं.

"तुझ्या लग्नाच्या पहिल्या साली, आषाढातल्या अखाडीच्या आधी. भर दुपारी तू तलावात मधातल्या कमळापर्यंत गेली होती. मी काठाच्या पाळीवर कपडे धूत होती. आपली सासू त्याच वाटेनं येऊन राहिली होती. मी तिले म्हटलं, तिकडं बैल मोकळा सुटला आहे, जाऊ नका, अन् घरी घेऊन गेली."

तीस वर्षं. त्यातली अकरा आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, अन् त्या अकरा वर्षांत तिच्या हाती ही एवढी मोठी गोष्ट होती. सासूच्या कानात एक वाक्य टाकलं असतं तं माझी किती फजिती झाली असती. तिनं ते टाकलं नाही. मी मले शहाणी समजत होती. त्या पायरीवर बसून मी पदरात तोंड घालून रडली, चांगली मोठ्यानं. कोंबड्या पळाल्या.

नाक पुसून मी विचारलं, "मंग माफ केलं ना, बाई?"

"नाही," ती म्हणाली. "जा आता. डाळ राहिली आहे."

मी घरी आली. सासू वाटेकडे डोळे लावूनच बसली होती. आता खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती. मी सांगून टाकलं की सगळं कबूल केलं, पण तिनं माफ केलं नाही, रीत काही पुरी झाली नाही. सासूनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी आजच लग्न होऊन आली. म्हणाली, "माफी मागायची रीत आहे. भेटायची नाही." मंग सांगितलं, म्हशींची वैरण कुठं ठेवली ते दाखवून जा, अन् हे चिल्लर डबे चुलीवरून उचल, उद्यापासून चूल माझी आहे.

झालं. मले जायले भेटलं. बॅग भरली, काच अन् नळी वरच्या कप्प्यात ठेवली. पण खरं सांगते, मन काही तिकडं जात नव्हतं. व्हिडिओ लावला, पिवळे मासे तसेच फिरत होते, माझं ध्यान भिंतीकडे. तिकडून सुपाचा आवाज येऊन राहिला होता. वाटलं, पोवळं पाहून काय करू, घराशेजारचं माणूस तीस वर्षं पाहिलं नाही मी.

निघायच्या दिवशी सकाळी दारात ही गर्दी. सोळाही घरं हजर, वरून गुरुजी. घनश्यामभाऊंनी वाटेत खायले चिवडा आणला अन् म्हणाले, मोजून घे. मी मोजला नाही. तिरोडा स्टेशनले सोडायले ऑटो उभा होता, तिथून नागपूर, तिथं नीतू, मंग पुढं. यांनी माझी बॅग उचलून पाठीवर चढवून दिली अन् पट्टा लावायले लागले, तं सासू म्हणाली, ज्याची बॅग त्यानंच उचलायची म्हणे. यांनी पट्टा सोडला.

मी ऑटोत पाय ठेवला अन् सगळ्यांच्या माना एकदम मागं वळल्या. भिंतीले वळसा घालून कुंताबाई येऊन राहिली होती. अकरा वर्षांत ती आमच्या दाराकडे आली नव्हती. आमचे जेठ मागं, नजर खाली. घनश्यामभाऊ तं असे सरकून उभे राहिले, जसं आता काही तरी पाहायले भेटणार. ती ऑटोपाशी आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, बॅगकडे पाहिलं.

तिनं विचारलं, "वापसीचं तिकीट काढलं का?"

"काढलं."

"कधीचं?"

"एकवीस तारखेचं. रात्रीपर्यंत घरी."

"मंग बावीसले सकाळी ये माझ्याकडे. माफीचं तेव्हा पाहू." तिनं ऑटोची दांडी धरून ठेवली होती. "आज माफ करून टाकीन अन् तू तिकडंच राहशील, तं मी भांडू कोणाशी? तू नीट ये."

मी म्हटलं, "येते, बाई."